संगणकपेटीतील धूळ व वायुवीजन

मेजावरील संगणकाचे भाग ज्या पत्र्याच्या पेटीत बसवलेले असतात (बोलीत ‘कॅबिनेट’ किंवा सरसकट ‘सीपीयू’), तिच्यातील उष्णता बाहेर काढण्यासाठी हवा खेळती ठेवणे आणि त्याच हवेबरोबर आत येणारी धूळ अडवणे, या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालण्याचे तंत्र. प्रस्तुत नोंदीत लातूर जिल्ह्यातील औसा तालुका व भोवतालचा मराठवाडा येथील परिस्थिती मुख्यत्वे विचारात घेतली आहे. पंखे व गाळण्या यांविषयीचे प्रचलित सल्ले बहुधा थंड हवामानातील, खिडक्या बंद असलेल्या खोल्या गृहीत धरून दिलेले असतात. ते येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

धुळीचे स्वरूप : बंद खोलीतील धुळीत कपड्यांचे तंतू, केस व त्वचेचे कण यांचे प्रमाण मोठे असते. औशाकडे मातीचा वाटा वरचढ ठरतो. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेल्या येथील काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील चिकणखनिजे भरपूर असतात. मृदाशास्त्रात ०.००२ मिमी.पेक्षा लहान कणांना चिकणमाती म्हणतात. संगणकपेटीला लावलेल्या नायलॉनच्या जाळीची छिद्रे त्याच्या कितीतरी पट मोठी असल्याने अशी जाळी तंतू, केस व भुसकट अडवते आणि मातीचा बारीक अंश आत सोडते. जाळीवर तंतूंचा थर साचला की ती बारीक कणही काही प्रमाणात धरू लागते, परंतु तोवर हवेचा प्रवाह मंदावलेला असतो. ही जाळी निरुपयोगी नव्हे. मात्र तिच्या भरवशावर पेटी वर्षानुवर्षे न उघडणे चुकीचे आहे.

धुळीला हंगाम असतो. रब्बी निघाल्यावर नांगरट होते, ढेकळे तापतात आणि एप्रिल-मेमध्ये वावटळी उठतात. ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची मळणी सुरू झाली की गावाच्या कडेने भुसकट उडते. पुढे तुरीच्या मळणीत तेच घडते. लातूर ही तूरडाळीची मोठी बाजारपेठ असून डाळमिलच्या परिसरातील धूळ टरफलांची, म्हणजे हलकी व तंतुमय असते. ती पेटीत खोलवर जाण्याऐवजी जाळीवर व पंख्याच्या पात्यांवर चिकटते. साखर कारखान्यांच्या आसपास (औसा तालुक्यात किल्लारी व बेलकुंड) गळीत हंगामात बगॅसचा भुसा व चिमणीची राख यांची भर पडते. तुळजापूर-औसा-लातूर-नांदेड महामार्गालगतच्या दुकानांत रस्त्याची धूळ बारमाही असते.

घराच्या बांधणीचाही संबंध येतो. मराठवाड्यातील जुन्या घरांना दगडमातीच्या जाड भिंती व वर मातीचे माळवद असे. माळवदातून बारीक माती सतत झडते, पण खोली दुपारीही थंड राहते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात याच बांधणीमुळे मोठी जीवितहानी झाली आणि त्यानंतर या भागात स्लॅबची व पत्र्याची घरे वाढली. पत्र्याखालच्या खोलीत वरून माती पडत नाही. परंतु उन्हाळ्यात ती बाहेरच्या सावलीपेक्षा अधिक तापते. संगणकाच्या दृष्टीने एक अडचण जाऊन तिच्या जागी दुसरी आली.

परिणाम : धूळ सर्वप्रथम प्रोसेसरवरील ॲल्युमिनियमच्या उष्णताशोषकात, पंख्याच्या लगेच खाली, नमद्यासारखी बसते. पंखा फिरत असतो, आवाज वाढलेला असतो, पण पत्र्यांमधून हवा जात नाही. प्रोसेसर ठरावीक तापमानाला (अनेक आधुनिक प्रकारांत १०० °से.च्या आसपास) पोहोचला की स्वतःची गती कमी करतो, आणि तेवढ्याने न भागल्यास संगणक बंद पडतो. ‘दुपारी मशीन स्लो होते’ ही तक्रार पुष्कळदा विषाणूच्या खात्यावर टाकली जाते.

कोरडी माती विजेची दुर्वाहक असते. पावसाळ्यात मात्र चिकणखनिजे हवेतील बाष्प धरतात, मातीतील क्षार त्यात विरघळतात आणि जवळजवळच्या तांब्याच्या रेषांमध्ये सूक्ष्म विद्युत्‌गळती व गंज सुरू होतो. उन्हाळ्यात साचलेल्या धुळीचे दुष्परिणाम त्यामुळे जून-जुलैमध्ये उघड होतात. महिनाभर न वापरलेला संगणक पहिल्या पावसानंतर सुरूच न होणे, नुसते ‘बीप’ वाजणे, ही लक्षणे नेहमीची. अशा वेळी रॅम काढून तिचे सोनेरी पाय खोडरबरने घासण्याचा उपाय सर्वत्र केला जातो. तो बहुधा लागू पडतो, परंतु सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असल्याने वारंवार करू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल व सुती कापड अधिक सुरक्षित. रबराचा भुगा खाचेत पडला तर नवीच अडचण उभी राहते.

हवेचे प्रमाण : १०० वॉट उष्णता बाहेर काढताना पेटीतील हवेचे तापमान बाहेरच्यापेक्षा १० °से.हून अधिक वाढू द्यायचे नसेल, तर समुद्रसपाटीला २० °से. तापमानाची सुमारे ३० घनमीटर हवा दर तासाला लागते. औसा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. उंची आणि ४०-४२ °से. तापमान या दोहोंमुळे येथील मे महिन्यातील हवा बरीच विरळ असते; तेवढ्याच कामासाठी ताशी सुमारे ३५ घनमीटर हवा हवी. शिवाय हा हिशेब फक्त तापमानातील वाढीचा आहे. खोलीत ४२ असेल तर पेटीत ५२ राहणारच. पंखे कितीही वाढवले तरी पेटी खोलीपेक्षा थंड होत नाही. पंख्याच्या खोक्यावरील आकडा मोकळ्या हवेतील असतो. जाळी, पत्र्याची छिद्रे व वायरींचा गुंता यांच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्ष प्रवाह बराच कमी पडतो. म्हणून जाळीमागे बसवायचा पंखा निवडताना प्रवाहापेक्षा त्याचा स्थितिक दाब पाहावा. पंख्याची गती दुप्पट केल्यास प्रवाह दुप्पट होतो, पण लागणारी शक्ती आठपट; म्हणून १२० मिमी.चे दोन पंखे सावकाश फिरवणे हे ८० मिमी.चा एक पंखा जोरात फिरवण्यापेक्षा चांगले.

पंख्यांची मांडणी : इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकाच्या मूळ कल्पनेत एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाचा) पंखा बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडत असे. पुढे ही दिशा उलटली. २००४ च्या सुमाराची बीटीएक्स रचना हवेच्या सरळ मार्गासाठीच आखलेली होती, परंतु ती रुजली नाही.

आत ढकलली जाणारी हवा बाहेर काढल्या जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त असल्यास पेटीत धन दाब राहतो आणि फटींमधून हवा बाहेर जाते; उलट मांडणीत ऋण दाब निर्माण होऊन प्रत्येक फटीतून धूळ आत ओढली जाते. स्वस्त जोडणीच्या संगणकांत दीर्घकाळ एसएमपीएसचा एकच, हवा बाहेर फेकणारा पंखा असे. अशा पेट्यांत सीडी ड्राइव्हच्या फटीतून हवा आत येई. ड्राइव्हची भिंगे लवकर निकामी होण्यामागे हेही एक कारण होते. धन दाबाने धूळ कमी होते हे सामान्यतः मान्य आहे, मात्र आत येणाऱ्या हवेला जाळी असेल तरच. तापमानावरील परिणामाबाबत एकमत नाही. एसएमपीएस तळाशी असलेल्या नव्या पेट्या जमिनीवर ठेवू नयेत. केरसुणीने उडणारी धूळ थेट एसएमपीएसच्या तोंडाशी येते. हातभर उंचीचा स्टूलही पुरतो.

उन्हाळ्यात पेटीचे झाकण काढून टेबल फॅन लावण्याची प्रथा ग्राहक सेवा केंद्रांपासून शाळांच्या संगणक कक्षांपर्यंत आढळते. कोंदट पेटीत तापमान त्याने उतरते; धूळ, पाली व उंदीर यांना वाट मोकळी होते. ओल्या वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर संगणकाकडे वळवू नये; त्याची हवा दमट असते.

साफसफाई : वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी व सोयाबीनची मळणी उरकल्यावर. वायर काढून पेटी ओट्यावर न्यावी, वाऱ्याकडे पाठ करावी आणि हाताच्या विजेरी ब्लोअरने आतून बाहेर हवा मारावी. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरावीत. हवेने भरधाव फिरणारा पंखा जनित्रासारखी वीज निर्माण करतो; तिच्यामुळे मदरबोर्डला इजा होते की नाही याविषयी मतभेद आहेत, पण बेअरिंग निश्चित झिजते. घरगुती व्हॅक्युम क्लीनरच्या प्लॅस्टिक नळीवर स्थितिक विद्युत्‌भार साठतो. पंक्चरच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारून घेणारेही पुष्कळ आहेत. त्या टाकीत साचलेले पाणी व तेल हवेबरोबर येते, तेव्हा निदान टाकीचा तळनळ आधी सोडून घ्यावा. एसएमपीएस उघडू नये : वायर काढल्यावरही तिच्यातील संधारित्रांवर सुमारे ३२५ व्होल्ट शिल्लक असू शकतात. उष्णताशोषक काढल्यास थर्मल पेस्ट नव्याने लावावी लागते.

द्रवशीतन : पुण्याच्या ‘आयसर’मधील ‘परम ब्रह्म’ महासंगणकात वापरलेले आहे; मेजावरील संगणकांत विरळा.

मानके : अमेरिकेतील ‘ॲश्रे’ ही अभियंत्यांची संस्था सर्व्हरसाठी १८ ते २७ °से. हे तापमान सुचवते. तिच्या २०११ च्या वर्गवारीत ‘ए४’ वर्गाच्या यंत्रांना ४५ °से. पर्यंत मुभा आहे. घरगुती संगणकासाठी असे सर्वमान्य बंधन नाही. धूळरोधकता ‘आयपी’ संकेतातील पहिल्या अंकाने दाखवतात : ५ म्हणजे अपायकारक धूळ आत न जाणारी, ६ म्हणजे पूर्ण धूळबंद पेटी. डाळमिल व साखर कारखान्यांसारख्या ठिकाणी पंखाविरहित संगणक वापरणे श्रेयस्कर. त्यांची ॲल्युमिनियमची पेटी हाच उष्णताशोषक असतो, त्यामुळे हवा आत घेण्याची गरज उरत नाही; पेटीच्या बाहेरील पन्हळींवरची धूळ मात्र पुसावी लागते.