दोन सूर्योदयांचे उड्डाण : पर्थ ते कोग्गला (थ्रेड)

१/ एकाच उड्डाणात प्रवाशाला दोनदा सूर्योदय दिसावा, अशी विमानसेवा एकेकाळी हिंदी महासागरावरून चालत असे. तिची कथा दुसऱ्या महायुद्धातील आहे.

२/ १९३८ पासून इंग्लंड आणि सिडनी यांच्यामध्ये जलविमानांची नियमित सेवा होती. टप्प्याटप्प्याने होणाऱ्या या प्रवासास नऊ-दहा दिवस लागत. सिंगापूर हा त्या मार्गाचा कळीचा दुवा होता.

३/ १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि हा मार्ग तुटला. आता ऑस्ट्रेलियाला ब्रिटनशी थेट हवाई संपर्क हवा असेल, तर मधला सारा महासागर एका झेपेत ओलांडणे भाग होते.

४/ १९४३ च्या मध्यास क्वांटास कंपनीने हे काम हाती घेतले. पर्थच्या स्वान नदीतून उड्डाण आणि सिलोनमधील गॉलजवळच्या कोग्गला सरोवरात अवतरण. अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर.

५/ त्यासाठी निवडलेल्या कॅटलिना जलविमानांचा वेग होता ताशी सुमारे २०० किलोमीटर. म्हणजे हिशेबाने २८ तास. परंतु ताशी ३० किलोमीटरचा वारा सतत समोरून आला, तर तेच अंतर ३३ तासांचे होई. अंतर नकाशावर ठरत असे. वेळ वारा ठरवी.

६/ इंधनाच्या जादा टाक्यांमुळे वजनाला जागाच उरत नसे. प्रवासी फक्त तीन आणि टपाल सुमारे ६९ किलो. इंधनाने जड झालेले विमान सुरुवातीच्या तासांत एका इंजिनावर तग धरू शकत नसे. तेव्हा इंजिन बंद पडले असते, तर खाली केवळ समुद्र होता.

७/ शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओ मौन पाळले जाई. जपानी गस्तीचा टापू अंधारात ओलांडला जाई. दिशा ताऱ्यांवरून ठरे. पाचही विमानांना अल्टेअर, व्हेगा, रायगेल, अँटारिस व स्पायका या ताऱ्यांचीच नावे होती.

८/ सर्वाधिक लांबलेले उड्डाण ३२ तास ९ मिनिटांचे ठरले. प्रवाशांना ‘सीक्रेट ऑर्डर ऑफ द डबल सनराइज’ असे प्रमाणपत्र मिळे. १९४५ पर्यंत कॅटलिनांनी २७१ फेऱ्या केल्या आणि एकही विमान या मार्गावर गमावले नाही.

९/ शत्रू त्यांना बुडवू शकला नाही. करार मात्र बुडवून गेला. अमेरिकेच्या उधार-भाडेपट्टा योजनेतील ही विमाने युद्धानंतर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ मुद्दाम समुद्रात बुडवण्यात आली.

१०/ मार्च २०१८ मध्ये त्याच क्वांटासने पर्थ-लंडन थेट सेवा सुरू केली : १४,४९८ किलोमीटर, सुमारे १७ तास. कॅटलिनाच्या अडीचपट अंतर, जवळपास निम्म्या वेळात. पर्थ जागचे हलले नाही, लंडनही नाही. दोन शहरांमधील अंतर इतिहासात किलोमीटरपेक्षा तासांनी आणि त्या तासांतील जोखमीनेच अधिक नेमके मोजता येते.