तालुका क्रीडा संकुल योजना
ग्रामीण भागात खेळाच्या सोयी उभारण्यासाठी महाराष्ट्र शासनाची अर्थसाहाय्य योजना. २००१ च्या राज्य क्रीडा धोरणातून तिला चालना मिळाली. धावपथ, कबड्डी व खो-खोची मैदाने, बंदिस्त सभागृह या संकुलातील प्रमुख सोयी होत. प्रत्येक संकुलाची अनुदानमर्यादा २०२२ मध्ये १ कोटीवरून ५ कोटी रुपये झाली.

वऱ्हाडात खेळाच्या सोयी व प्रसाराचे काम लोकांनी या योजनेच्या कितीतरी आधीच हाती घेतले होते. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापलेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. आज अमरावती जिल्ह्यातील भातकुलीसारख्या शेतीप्रधान तालुक्यात संकुल उभारताना देखभाल, प्रशिक्षक व मुलींच्या वावराची सोय यांची तरतूद बांधकामाइतकीच मोलाची आहे. लोकसहभाग त्यावरच टिकतो.