सक्तीच्या शिक्षणाची वयोमर्यादा : रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात

सक्तीचे शिक्षण कोणत्या वयापर्यंत असावे, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणशास्त्राचा वाटतो. मुलाची ग्रहणशक्ती आणि अभ्यासक्रमाचा विस्तार पाहून त्याचे उत्तर द्यावे, असे कोणासही वाटेल. परंतु आपल्याकडील कायद्यांचा इतिहास पाहू लागले म्हणजे निराळीच गोष्ट दिसते. ही मर्यादा बहुतेक वेळा मुलाच्या श्रमाचा बाजारभाव कोणत्या वयी सुरू होतो, यावरून ठरत आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते अठरा वर्षांपर्यंतच्या सर्वांस शिक्षण मिळावे असे ध्येय पुढे ठेवले. कायद्याची हमी मात्र चौदाव्या वर्षाशी थांबते. हे चौदावे वर्ष कोठून आले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याच्या विवेचनासाठी रत्नागिरी जिल्हा विशेष सोयीचा आहे. या प्रश्नावर अखिल भारतीय पातळीवर निर्णायक भूमिका घेणाऱ्या दोन पुरुषांची मूळ गावे या जिल्ह्यात आहेत. आणि मुंबईच्या गिरण्यांस ज्या जिल्ह्यांनी पिढ्यानपिढ्या माणसे पुरविली, त्यांत हा अग्रभागी होता.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. बडोद्यास सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ती संस्थानभर लागू केली. ब्रिटिश हिंदुस्थानात हा प्रश्न विधिमंडळात नेण्याचे श्रेय गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांस द्यावयास हवे. १९१० मध्ये त्यांनी ठराव मांडला व १९११ मध्ये विधेयक आणले. विधेयकातील मर्यादा सहा ते दहा वर्षे इतकीच होती, आणि तीही प्रथम मुलांपुरती. सक्ती लागू करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांकडे होता. ज्यांचे उत्पन्न दरमहा दहा रुपयांहून अधिक नाही अशा पालकांकडून फी घ्यावयाची नव्हती. एवढे मवाळ असूनही मार्च १९१२ मध्ये हे विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

दहा वर्षांची ही मर्यादा गोखल्यांस पुरेशी वाटत होती असे मानण्याचे कारण नाही. दारिद्र्य आणि शिक्षण यांचा संबंध त्यांनी घरातच पाहिला होता. १८७९ मध्ये वडील वारल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवीत. एका भावाचे शिक्षण दुसऱ्याच्या शिक्षणाच्या किमतीवर उभे राहिले. कोकणातील असंख्य कुटुंबांत हाच व्यवहार घडला. फरक इतकाच की पुष्कळदा दोन्ही भाऊ कामाला लागले.

ही मुले कोठे जात, हे कारखाना-कायद्यांच्या क्रमावरून कळते. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कारखान्यात मज्जाव केला. १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ, १९२२ मध्ये बारा आणि १९४८ मध्ये चौदा वर्षांवर आली. म्हणजे गोखल्यांचे विधेयक चर्चेस होते तेव्हा नऊ वर्षांचा मुलगा कायद्याने गिरणीत कामास लागू शकत होता. शाळेची सक्ती दहाव्या वर्षी संपावी व कारखान्याचा दरवाजा नवव्या वर्षी उघडावा, अशा स्थितीत दहाच्या पुढची मागणी कोण मान्य करणार?

हा दुवा स्पष्ट शब्दांत मांडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुद्यातील छत्तिसाव्या कलमावर चर्चा झाली. 'शिक्षण' या शब्दाच्या जागी 'प्राथमिक शिक्षण' घालावे, अशी सूचना पुढे आली. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचा युक्तिवाद असा की, चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास मसुद्याच्याच अठराव्या कलमाने मनाई केली आहे. तेव्हा त्या वयापर्यंत ते मूल कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेत असले पाहिजे. हीच दोन कलमे पुढे राज्यघटनेत अनुक्रमे ४५ व २४ या क्रमांकांनी आली. चौदावे वर्ष हे असे श्रमबंदीच्या कलमावरून शिक्षणाच्या कलमात आले आहे. इयत्तांच्या हिशेबाशी त्याचा संबंध दुय्यम होय.

घटनेने त्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली होती. प्रत्यक्षात ८६ वी घटनादुरुस्ती २००२ मध्ये झाली आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्यात सक्तीचा अर्थही पालटला : तीत मुख्य बंधन शासनावर आहे. हा पालट महत्त्वाचा आहे. शाळाच नसेल तर पालकास दंड करून काय साधणार? ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे ती काढण्यासाठी मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी १९३६ मध्ये महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले, ते याच जाणिवेने.

आता अठराव्या वर्षाचा विचार करू. २०१६ च्या दुरुस्तीने बालकामगार कायद्यात चौदा ते अठरा हा किशोरांचा वेगळा वर्ग मानला. त्यांस केवळ धोक्याच्या कामांस बंदी आहे. इतर कामांची वाट मोकळी आहे. रत्नागिरीत ही वाट जुनी आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कमावता पुरुष बाहेरगावी आणि मनीऑर्डरीवर घर, या रीतीची खूण त्या आकड्यात आहे. गिरण्या गेल्या तरी दुकान, होडी, आंब्याची बाग ही कामे उरलीच. पंधराव्या वर्षी मुलगा कामाला लागतो तेव्हा त्याची मजुरी घराच्या खर्चात आधीच धरलेली असते. मुलीचे श्रम घरातच खपतात, म्हणून ते कोणत्याही कायद्याच्या नजरेस पडत नाहीत.

इंग्लंडचा अनुभव येथे उद्बोधक आहे. १९१८ च्या कायद्याने चौदा ते अठरा वर्षांच्या तरुणांसाठी अंशकालीन शाळांची तरतूद केली. पुढील काटकसरीच्या काळात ती बव्हंशी बारगळली. अठराव्या वर्षापर्यंत शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहण्याचे बंधन तेथे २००८ च्या कायद्याने घातले गेले आणि २०१५ मध्ये पूर्णतः लागू झाले. त्यात काम करीत अंशकाल शिकण्याची व उमेदवारीची सोय ठेवलेली आहे.

या सर्वांवरून एक निष्कर्ष काढता येतो. शिक्षणाची मर्यादा चौदावरून अठरावर नेणे म्हणजे केवळ एक आकडा बदलणे नव्हे. आंबेडकरांचा युक्तिवाद खरा मानल्यास दोन्ही कलमे बरोबर हलली पाहिजेत. आणि जी मजुरी थांबेल तिची भरपाई विद्यावेतनाच्या रूपाने कोणी तरी केली पाहिजे. गोविंदराव गोखल्यांचे आठ रुपये ही एका घराने दिलेली शिष्यवृत्तीच होती. तो भार दुसऱ्या भावावर न टाकता शासनाने उचलावा, हाच सक्तीच्या शिक्षणाचा खरा अर्थ आहे. तो मान्य नसेल, तर अठराव्या वर्षाची घोषणा १९१२ च्या विधेयकापेक्षा अधिक भाग्यवान ठरण्याचे कारण दिसत नाही.