उघडे दार आणि उंच उंबरठा : एका पॅचचा प्रवास

पुण्याच्या पेशवे दफ्तरात प्रथमच जाणाऱ्या अभ्यासकाला एक गोष्ट लवकरच उमगते. कागद खुले आहेत, परंतु मोडी येत नसेल तर ते असून नसल्यासारखेच. इतिहासाचे ज्ञान, चिकाटी, तल्लख बुद्धी हे सारे लिपीपाशी येऊन थांबते. संगणकाच्या इतिहासातही असेच घडले आहे. ‘कोणीही यावे आणि हातभार लावावा’ असे जाहीरपणे सांगणाऱ्या मुक्तस्रोत प्रकल्पांत प्रत्यक्ष शिरायचे, तर आधी काय काय यावे लागे, त्याची ही कथा.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टीम रचत असल्याचे जाहीर केले आणि लोकांकडून सूचना मागवल्या. पुढल्याच वर्षी लिनक्सने जीपीएल हा परवाना स्वीकारला. कोणीही मूळ संहिता वाचावी, बदलावी, वाटावी. कायद्याच्या दृष्टीने दार सताड उघडले. आता एकच प्रश्न उरला, आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही : फिनलंडपासून हजारो मैलांवर बसलेल्या माणसाने एखादी चूक दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती लिनसपर्यंत पोहोचवायची कशी?

याचे उत्तर लिनक्सच्या आधीच तयार होते. युनिक्सवर ‘डिफ’ नावाचे साधन होते. ते जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून कोणत्या ओळी गेल्या व कोणत्या आल्या, याची यादी करी. १९८५ साली लॅरी वॉल यांनी, म्हणजे पुढे पर्ल ही भाषा निर्माण करणाऱ्या गृहस्थांनी, ‘पॅच’ हा त्याचा जोडीदार लिहिला. ही यादी हाती आली की पॅच ते बदल मूळ फाइलमध्ये आपोआप करी. जाणाऱ्या ओळीआधी वजा, येणाऱ्या ओळीआधी अधिक, आणि आसपासच्या दोन-तीन ओळी खूण म्हणून : असे त्या यादीचे पुढे रूढ झालेले रूप. मधल्या काळात मूळ फाइल थोडी पुढे-मागे सरकली असली, तरी पॅच योग्य जागा शोधून काढी. संथ मोडेमच्या त्या दिवसांत अख्खा प्रोग्रॅम पाठवण्याऐवजी वीस ओळींचे पत्र पुरू लागले. अनोळखी माणसाला अनोळखी माणसाच्या कामात भर घालता येऊ लागली, ती या छोट्या यादीमुळे. परवान्यांच्या इतिहासावर ग्रंथ लिहिले जातात आणि पॅचच्या वाट्याला एखादी तळटीप येते, हे मला नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे.

अर्थात पॅच तयार करायचा, तर हाताशी ताजी संहिता हवी. येथेच दुसरा उंबरठा होता. त्या काळी अनेक प्रकल्प सीव्हीएस नावाच्या प्रणालीत आपल्या बदलांची नोंद ठेवत. तिच्यात लिहिण्याचा अधिकार मोजक्यांना असे; पुष्कळदा नोंदवही पाहण्याचाही अधिकार त्यांनाच. बाहेरच्यांना अधूनमधून निघणाऱ्या प्रतींवर समाधान मानावे लागे. तोवर आतले काम पुढे गेलेले असे, आणि बाहेरच्याने कष्टाने केलेली दुरुस्ती शिळी ठरे.

थिओ डी राट हे नेटबीएसडीच्या संस्थापकांपैकी एक. डिसेंबर १९९४ मध्ये मुख्य गटाने त्यांना बाहेर काढले आणि त्यांचा सीव्हीएसमधील अधिकारही काढून घेतला. दोष कोणाचा, हा वाद येथे बाजूला ठेवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की आतला माणूस एका रात्रीत बाहेरचा झाला आणि बाहेरून काम करणे किती जिकिरीचे असते, ते त्याला कळले. १९९५ मध्ये त्यांनी ओपनबीएसडी हा स्वतंत्र प्रकल्प काढला आणि चक क्रॅनर यांच्या साहाय्याने सीव्हीएसची नोंदवही कोणालाही, नावगाव न विचारता, वाचायला खुली केली. कोणती ओळ कधी आणि का बदलली, हे आता घरबसल्या कोणालाही पाहता येऊ लागले.

लिनक्समध्ये तर अशी नोंदवहीच नव्हती. टोरवाल्ड्स यांना सीव्हीएस मुळीच आवडत नसे. पॅच ईमेलने यायचे, ते वाचायचे आणि पटले तर स्वतःच्या प्रतीत घालायचे. काही पॅच नुसतेच नाहीसे होत. ना स्वीकार, ना नकार. मुरलेले लोक तोच पॅच पुनःपुन्हा पाठवत. नवखा मात्र आपले काम नापसंत झाले असे समजून गप्प बसे. १९९८ च्या शरद ऋतूत या कारणावरून कर्नलच्या मेलिंग लिस्टवर मोठी वादावादी झाली. जानेवारी २००२ मध्ये पॅच सांभाळण्यासाठी वेगळा माणूसच नेमावा, असा प्रस्तावही आला.

फेब्रुवारी २००२ मध्ये टोरवाल्ड्स यांनी बिटकीपर हे साधन स्वीकारले. लॅरी मॅकव्हॉय यांच्या बिटमूव्हर कंपनीचे हे साधन उत्तम होते, याविषयी त्याचे टीकाकारही फारसे भांडत नसत. पण ते मुक्त नव्हते. मुक्तस्रोत कामासाठी ते फुकट मिळे, परंतु अट अशी की वापरणाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या साधनावर काम करू नये. म्हणजे मुक्त प्रकल्पात सोयीने भाग घ्यायचा, तर आधी स्वतःच्या मोकळेपणाचा काही भाग गहाण ठेवायचा. ॲलन कॉक्ससारख्या ज्येष्ठ कर्नलकाराने ते वापरण्यास नकार दिला. ज्यांना ते नको होते, त्यांच्यासाठी जुना पॅचचा मार्ग खुला राहिला; पण राजरस्ता आता दुसराच होता.

हा रस्ता एप्रिल २००५ मध्ये खचला. सांबा या प्रसिद्ध प्रकल्पाचे कर्ते, ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारे स्वतःचे साधन लिहायला घेतले. त्यांनी बिटकीपर कधी वापरलेच नव्हते, त्यामुळे ती अटही त्यांना लागू नव्हती. कंपनीने मात्र फुकट आवृत्ती बंद केली. पुढे कॅनबेरातील परिषदेत ट्रिजेल यांनी आपली ‘चोरी’ श्रोत्यांसमोर करून दाखवली. टेलनेटने सर्व्हरला जोडणी केली आणि आता काय टंकू, असे विचारले. सभागृहातून उत्तर आले, ‘हेल्प’. तो शब्द टंकताच सर्व्हरने आपल्या आज्ञांची यादी मुकाट्याने पुढे ठेवली!

टोरवाल्ड्स यांनी कर्नलचे काम बाजूला ठेवले आणि ३ एप्रिलला नवे साधन लिहायला घेतले. चारच दिवसांत, ७ एप्रिलला, ते साधन स्वतःचीच संहिता सांभाळू लागले. हेच गिट. जूनमध्ये कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती गिटच्या आधारे निघाली आणि २६ जुलैला त्याची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे गेली. गिटमध्ये प्रत्येकाजवळ संपूर्ण इतिहासाची प्रत असते. स्वतःच्या प्रतीत लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. डी राट यांच्यावर ओढवलेला प्रसंग या रचनेत निम्म्याने बोथट होतो. पण गिट स्वतःच अवघड! कर्नलकारांनी कर्नलकारांसाठी रचलेल्या त्या आज्ञा नवख्याला चक्रव्यूहासारख्या वाटत, आणि विंडोज वापरणाऱ्याला तर सुरुवातीला ते धड चालवताही येत नसे.

२००८ साली गिटहब आले आणि ही आज्ञांची लिपी बटणांमागे झाकली गेली. कर्नल मात्र बहुतांशी ईमेलवरच राहिला. पत्र साध्या मजकुरात हवे, एचटीएमएल चालत नाही. कर्नलची संहिता टॅबने मांडलेली असते आणि जीमेलचे वेबपान टॅबचे रूपांतर रिकाम्या जागांत करते. त्यामुळे पॅच बिघडतो. म्हणून कर्नलचे दस्तऐवज सांगतात की पॅच पाठवायला ते वापरू नका. आजचा विद्यार्थी मेमरी व्यवस्थापनातील सूक्ष्म दोष शोधून काढील आणि अडखळेल तो पत्र पाठवताना. ईमेलचे समर्थक म्हणतात की ही पद्धत कोणा एका कंपनीच्या हाती नाही. त्यात तथ्य आहे. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे गिटहबने इराण, सीरिया व क्राइमियातील लोकांच्या सेवांवर मर्यादा घातल्या. इराणसाठी त्या उठल्या थेट जानेवारी २०२१ मध्ये, कंपनीला अमेरिकी सरकारकडून परवाना मिळाल्यावर.

पण ईमेलचा मार्गही या राजकारणापासून अलिप्त राहिला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्नलच्या देखभालकर्त्यांच्या यादीतून काही रशियन विकसकांची नावे निर्बंधांच्या कारणाने वगळण्यात आली. ती वगळली गेली नेहमीच्याच रीतीने : एक पॅच, आणि त्यात त्यांच्या नावांच्या ओळींआधी वजाचे चिन्ह.