इबादान : राजाविना वाढलेले नगर

आफ्रिकेतील मोठी नगरे ही युरोपीय सत्तेची, रेल्वेची आणि कारखान्यांची निर्मिती होय, असा समज इतिहासाच्या अभ्यासात दीर्घकाळ रूढ होता. नैरोबी किंवा जोहान्सबर्ग यांच्यापुरता तो बव्हंशी खरा आहे. परंतु नायजेरियाच्या नैर्ऋत्येकडील योरुबा प्रदेशाला तो लावू गेल्यास पहिल्याच पावलाला ठेच लागते. लागोसच्या ईशान्येस सुमारे १३० किलोमीटरांवर वसलेल्या इबादान येथे डेव्हिड हिंडरर हा मिशनरी १८५१ मध्ये प्रथम गेला, तेव्हा त्या नगराला पंचवीस वर्षेही झाली नव्हती. तथापि तेथील वस्ती साठ हजारांपासून एक लाखापर्यंत असावी, असे त्या सुमाराच्या मिशनऱ्यांचे अंदाज आहेत. रेल्वे यावयास अद्याप अर्धे शतक अवकाश होता. हे लोक कोठून आले, आणि जुनी प्रतिष्ठित राजधानीची नगरे सोडून याच टेकड्यांच्या आश्रयाला का आले, हा इबादानच्या इतिहासातील मूळ प्रश्न होय.

त्याच्या उत्तराचा पहिला भाग ओयो साम्राज्याच्या पतनात आहे. अठराव्या शतकात योरुबा प्रदेशाच्या मोठ्या भागावर ओयोच्या आलाफिनची, म्हणजे सम्राटाची, सत्ता होती. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात साम्राज्याचा सेनापती आफोंजा याने इलोरिन येथे बंड केले. त्यासाठी त्याने ज्या मुसलमान सहाय्यकांना जवळ केले त्यांनीच पुढे त्याचा घात केला आणि इलोरिन हे उत्तरेकडील फुलानी सत्तेचे ठाणे बनले. १८३०-४० या दशकात जुनी राजधानी ओस पडली. उत्तरेच्या गवताळ प्रदेशातून निर्वासितांचे लोंढे दक्षिणेच्या अरण्याकडे वळले. त्यांत शेतकरी होते तसेच धनी नसलेले योद्धेही होते. या योद्ध्यांनी इफे आणि इजेबू यांच्या सैन्यांशी हात मिळवून ओवू हे बलाढ्य नगर उद्ध्वस्त केले, मग एग्बा लोकांची गावे एकामागून एक जाळली आणि १८२९ च्या सुमारास त्यांपैकीच एका ओसाड गावात तळ दिला. ते गाव म्हणजे इबादान. नावाचा अर्थ ‘माळाच्या कडेला’ असा सांगतात. अरण्य आणि माळरान यांच्या सीमेवरील स्थानाशी तो जुळतो. विस्थापित एग्बा लोकांनी पश्चिमेस जाऊन १८३० मध्ये अबेओकुटा वसविले. एकाच विध्वंसातून अशी दोन नगरे जन्मास आली.

लागेलू नावाच्या पुरुषाने फार पूर्वी इबादान वसविल्याची कथा स्थानिक परंपरेत आहे आणि ओकेबादान या टेकडीदेवतेच्या वार्षिक उत्सवात तिची आठवण जागविली जाते. पहिले नगर नष्ट झाल्यावर लागेलूने टेकडीवर रानफळे आणि गोगलगायी खाऊन दिवस काढले, असे ती सांगते. इतिहासकाराने तिला कालनिर्णयाचे साधन मानू नये. मात्र आपल्या नगराची आठवण राजवैभवापासून न करता उपासमारीपासून करणारे नागरिक विरळाच, एवढे नोंदवावयास हरकत नाही.

उत्तराचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. योरुबा नगराच्या मध्यभागी राजवाडा असतो. त्यातील ‘ओबा’ आपला वंश इफेच्या ओदुदुवापर्यंत नेऊन भिडवितो, आणि मण्यांच्या झालरीने मुख झाकणारा मुकुट हे त्याच्या अधिकाराचे चिन्ह असते. इबादान येथे यांपैकी काहीच नव्हते. ती छावणी होती. प्रारंभी इफेचा सरदार माये ओकुनाडे याचे तेथे वर्चस्व होते. ओयोच्या योद्ध्यांनी १८३३ च्या सुमारास ग्बानामूच्या लढाईत त्याचा पाडाव केला आणि नगर मुख्यतः ओयो निर्वासितांचे झाले. पुढे ओलुयोले याने नगराला स्थिर रूप दिले. आलाफिन अतिबाने त्याला बाशोरुन ही ओयोतील अत्युच्च पदवी दिली. त्याच्या वाड्याजवळचा बाजार आजही ‘ओजा-इबा’ म्हणून ओळखला जातो. तथापि १८४७ मध्ये तो मरण पावल्यावर त्याच्या पुत्राकडे सत्ता गेली नाही. कोणत्याही एका घराण्याकडे ती गेली नाही. पदव्यांची एक उतरंड निर्माण झाली. वरचा सरदार मेला अथवा रणात पडला की खालचा एक पायरी चढे. पराक्रम, अनुयायांची संख्या आणि खर्च करण्याची ऐपत हीच चढण्याची साधने होती. ज्याला मूळ गावी भाऊबंदांच्या रांगेत शेवटचे स्थान होते असा तरुण इबादानला येऊन दहा वर्षांत सरदार होऊ शके. योरुबा प्रदेशात अन्यत्र हे जवळजवळ अशक्य होते. नगर इतक्या झपाट्याने का वाढले, याचे रहस्य येथे आहे.

परंतु याच व्यवस्थेची दुसरी बाजू तितकीच स्पष्टपणे मांडली पाहिजे. नव्याने येणारा माणूस एखाद्या लढवय्या सरदाराच्या आश्रयाला जाई. तो सरदार त्याचा ‘बाबाओगुन’, म्हणजे युद्धातील पिता, होई. त्याला राहावयास जागा, कसावयास जमीन आणि संरक्षण देई. अशा आश्रितांनी, आप्तांनी आणि दासांनी भरलेला विस्तीर्ण वाडा, ‘अग्बो-इले’, हा नगराचा घटक होता. आश्रित टिकवावयाचे तर त्यांना द्यावयास काही हवे. ते मिळविण्याचा मार्ग मोहीम हाच. मोहिमेतून युद्धकैदी येत. त्यांपैकी काही विकून बंदुका आणि दारू घेतली जाई, आणि उरलेले नगराभोवतीच्या शेतांवर राबून सैन्याला पोसत. अर्थात दूरदूरच्या उपेक्षितांना वर चढू देणाऱ्या या नगराला दरवर्षी इतरांची गावे मोडावी लागत. इबादानचा खुलेपणा आणि इबादानची हिंसा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. एकाची स्तुती आणि दुसरीचा निषेध असा सोयीस्कर विभाग करता येत नाही.

एफुन्सेतान आनिवुरा हिच्या चरित्रात हे सर्व एकवटलेले दिसते. एग्बा पित्याची ही कन्या इबादानला व्यापाराने श्रीमंत झाली आणि ‘इयालोदे’, म्हणजे स्त्रियांची प्रमुख, या पदाला पोचली. तिच्या शेतांवरच सुमारे २,००० दास होते, असे सॅम्युएल जॉन्सन याने लिहिले आहे. सरदारांना ती शस्त्रे आणि दारूगोळा उधारीवर पुरवी. उधारी थकत गेल्यावर तिने हात आखडता घेतला, आणि नगराचा प्रमुख लातोसा याच्याशी तिचे वैर जुंपले. १८७४ मध्ये त्याच्या चिथावणीने तिच्याच दासांनी तिला ठार केले. अकिनवुमी इशोला यांच्या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या योरुबा नाटकामुळे ती क्रूर स्वामिनी म्हणून सर्वतोमुखी झाली. बोलान्ले आवे यांनी मात्र लातोसाच्या एकतंत्री वृत्तीला झालेल्या विरोधाच्या संदर्भात तिच्याकडे पाहिले आहे. दोन्ही चित्रांना आधार आहे. तिच्या शेतावरील दासाला तिच्या राजकारणाशी कर्तव्य नव्हते.

इबादानचा बाह्य विस्तार थोडक्यात असा : १८४० च्या सुमारास ओशोग्बो येथे इलोरिनच्या घोडदळाचा पराभव झाला आणि फुलानी सत्तेची दक्षिणेकडील वाटचाल कायमची थांबली. या एका विजयाने सारा योरुबा प्रदेश इबादानचा ऋणी झाला. १८६०-६२ च्या युद्धात कुरुन्मीचे इजाये हे प्रतिस्पर्धी नगर धुळीस मिळाले. पूर्वेकडील एकिती आणि इजेशा प्रदेशांत इबादानचे ‘अजेले’ नेमले गेले. हे प्रतिनिधी नावाला देखरेख करीत. प्रत्यक्षात खंडणी, धान्य आणि माणसे यांची त्यांची मागणी कधी संपत नसे. १८७८ मध्ये एकितीच्या नगरांनी आपल्या येथील अजेल्यांची कत्तल केली आणि ‘एकितीपारापो’ हा संघ उभा राहिला. इलेशाचा ओगेदेंग्बे त्याचा सेनानी झाला. विशेष हे की, या ओगेदेंग्बेनेही युद्धकलेचे धडे इबादानमध्येच गिरविले होते. तोफांच्या आवाजावरून ‘किरिजी’ हे नाव पडलेले हे युद्ध वर्षानुवर्षे समोरासमोरच्या दोन तळांतून चालले. लातोसा १८८५ मध्ये तळावरच मरण पावला. १८८६ मध्ये तह झाला. तळ मात्र १८९३ मध्ये, लागोसच्या ब्रिटिश गव्हर्नरच्या मध्यस्थीनंतर, उठले. त्याच वर्षी इबादानने ब्रिटिशांशी करार केला आणि नगरात रेसिडेंट येऊन बसला.

या कालखंडाविषयी जे ज्ञात आहे त्याचा मोठा भाग उपर्युक्त जॉन्सन याच्या ग्रंथावर उभा आहे. दास्यमुक्त योरुबा कुटुंबातील हा धर्मोपदेशक सिएरा लिओनमध्ये जन्मला, बालपणी इबादानला आला, तेथेच वाढला, आणि १८८६ च्या तहाच्या वाटाघाटींत त्याने मध्यस्थाचे काम केले. १८९७ मध्ये पूर्ण झालेले त्याचे हस्तलिखित प्रकाशकाकडे गेल्यावर गहाळ झाले. त्याच्या मृत्यूनंतर बंधू ओबादिया याने टिपणांवरून ग्रंथ पुन्हा सिद्ध केला आणि तो १९२१ मध्ये प्रकाशित झाला. ग्रंथाचा कल ओयोकडे आहे हे उघड आहे. एकितीच्या बाजूने लिहिलेला तेवढ्या तोलाचा समकालीन इतिहास असता, तर इबादानची प्रतिमा खचित वेगळी दिसली असती.

शांतता आली आणि छावणीचा आधार गेला. हजारो योद्धे एकाएकी निरुद्योगी झाले. त्यांपैकी अनेक जण कोको लावण्याकडे वळले. सॅरा बेरी यांच्या अभ्यासाने हे चांगले दाखविले आहे. १९०१ मध्ये लागोसहून रेल्वे आली. तिच्यामागून परदेशी व्यापारी पेढ्या आल्या, आणि शिकलेले इजेबू, इजेशा, एग्बा कारकून व व्यापारी आले. कोला आणि गुरे यांच्या व्यापारातील हौसांसाठी १९१६ मध्ये साबो ही स्वतंत्र वस्ती झाली. मापो टेकडीभोवतीचे जुने नगर आणि रेल्वेस्थानकाकडील नवे नगर अशी दोन केंद्रे बनली. त्यांच्यामधील अंतर पायी तासाभरात तोडता येई, पण राहणीतील अंतर तसे तुटणारे नव्हते. १९४८ मध्ये विद्यापीठ महाविद्यालय निघाले. केनेथ डिके यांच्या नेतृत्वाखाली तेथे आफ्रिकी इतिहासाची जी अभ्यासपरंपरा रुजली, तिने मौखिक परंपरांना साधनांचा दर्जा मिळवून दिला. कोकोच्या पैशातून २६ मजली ‘कोको हाउस’ १९६५ मध्ये उभे राहिले. १९५२ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ४,५९,००० होती, म्हणजे लागोसहूनही अधिक. १९६३ मध्ये ती सुमारे ६,२७,००० झाली. २००६ मध्ये नगर आणि भोवतालचे विभाग मिळून ती २५ लाखांवर गेली.

अशा वस्तीला नगर म्हणावे की अतिविशाल खेडे, असा वाद समाजशास्त्रज्ञांनी घातला. लुई वर्थ यांनी १९३८ मध्ये आकार, घनता, स्थैर्य आणि लोकांतील भिन्नता ही नगराची लक्षणे सांगितली होती. विल्यम बॅस्कम यांनी १९५५ मध्ये दाखविले की, योरुबा नगरे पहिल्या तीन कसोट्यांना उतरतात, मात्र त्यांतील रहिवासी वंशाने बहुधा एकजिनसी असतात. इबादानच्या माणसाचे शेत दूरच्या खेड्यात असे, वर्षातील बरेच महिने तो तेथेच काढी. पण सण, विवाह आणि मृत्यू यांसाठी तो नगरातील वाड्यात परते. पूर्वजांची दफनस्थाने त्या वाड्यातच होती. तेव्हा खेडे ही त्याची कामाची जागा आणि नगर हे त्याचे घर होते. उद्योगप्रधान समाजातील नगराची व्याख्या घेऊन त्याला मोजणे हीच चूक होती.

पदव्यांची उतरंड मात्र युद्धांबरोबर लयास गेली नाही. १९३६ मध्ये नगरप्रमुखाचे ‘बाले’ हे नाव जाऊन ‘ओलुबादान’ हे आले. नगरप्रमुखपद ओतुन आणि बालोगुन या दोन रांगांतून आळीपाळीने जाते. वाड्याचा प्रमुख, ‘मोगाजी’, झाल्याशिवाय पहिली पायरी मिळत नाही, आणि वरचा मृत्यू पावल्याशिवाय पुढची मिळत नाही. त्यामुळे ओलुबादान प्रायः वृद्धच असतो. तलवार गेली, वाट पाहणे उरले. २०१७ मध्ये राज्य सरकारने वीसहून अधिक सरदारांना आणि स्थानिक प्रमुखांना एकदम मुकुटधारी राजांचा दर्जा दिला. तेव्हा त्याला विरोध झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. विरोध करणाऱ्यांत रशिदी लादोजा हे होते. २००३ मध्ये ते ओयो राज्याचे निर्वाचित गव्हर्नर झाले होते. ओलुबादान होण्यासाठी मात्र त्यांना रांगेतील आपली पाळी येईपर्यंत, म्हणजे सप्टेंबर २०२५ पर्यंत, थांबावे लागले. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.