सायकल दिली, पुढे काय?

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचली तरी चालेल, पण आशाताई, आरोग्यसेविका आणि त्यांच्या संघटनांत काम करणाऱ्यांनी जरूर वाचावी.

सायकल वाटपाच्या बातम्या मी गेली वीसेक वर्षं लिहितोय. त्यांचा साचा ठरलेला असतो. मंडप, हार-तुरे, प्लास्टिकच्या वेष्टणातल्या नव्याकोऱ्या सायकलींची रांग, प्रमुख पाहुण्यांचे हस्ते, मान्यवर मोठ्या संख्येने उपस्थित. दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो आणि विषय संपतो. सायकलीच्या दृष्टीने बघाल तर खरी गोष्ट तिथून सुरू होते. आरोग्यसेवकांना दान दिलेल्या सायकलींचा आफ्रिकेतला इतिहास मी मध्यंतरी वाचत होतो, आणि तो जवळजवळ सगळाच 'फोटोनंतरचा' इतिहास आहे.

सुरुवात सायकलीने नाही, मोटरसायकलीने करतो. 1988 च्या सुमारास रँडी मामोला हा अमेरिकन मोटरसायकल रेसर आणि बॅरी कोलमन हा ब्रिटिश पत्रकार (आमच्याच धंद्यातला, 'गार्डियन'साठी मोटरसायकल रेसिंग कव्हर करायचा) सोमालियात गेले. रेसिंगवाल्यांनी मुलांच्या आरोग्यासाठी निधी गोळा केला होता, तो कुठे खर्च होतो हे त्यांना बघायचं होतं. तिथे त्यांना दिसलं काय, तर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी दान आलेल्या मोटरसायकली गंजत पडलेल्या. मोठा बिघाड म्हणावा असं त्यात काही नव्हतं. ऑइल बदललेलं नाही, किरकोळ पार्ट नाही, दुरुस्ती येणारा माणूस नाही. लस तयार, नर्स तयार, आणि गाडी भिंतीला टेकवलेली. यातूनच कोलमन पतिपत्नी आणि मामोला यांनी पुढे 'रायडर्स फॉर हेल्थ' ही संस्था उभी केली. तिचं मुख्य काम गाड्या वाटणं हे नव्हतं, गाड्या चालू ठेवणं हे होतं. पार्ट तुटायची वाट न बघता ठरलेल्या किलोमीटरला तो बदलायचा, आणि जो चालवतो त्यानेच रोज सकाळी गाडी तपासायची. आपल्या एसटी डेपोतल्या जुन्या मेकॅनिकला हे सांगितलं तर तो म्हणेल, यात नवीन काय? नवीन काहीच नाही. दान देणाऱ्यांच्या ते डोक्यात आलं नव्हतं, एवढंच.

आता सायकलीकडे. त्याआधी एक आपल्या मातीतला धागा सांगायला हवा. गावातल्याच बाईला शिकवून आरोग्यसेविका करायचं, ही कल्पना डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून जामखेडला राबवली. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडही होतं. 1978 च्या अल्मा आटा परिषदेनंतर गावपातळीवरचा आरोग्यसेवक हा देशोदेशींच्या धोरणाचा भाग झाला. पण जामखेडच्या बाईला तिच्याच गावात फिरायचं होतं. ती पायी फिरली तरी भागत होतं.

झांबियाचं तसं नाही. हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या जवळजवळ अडीचपट आणि लोकसंख्येने साधारण सहावा हिस्सा. म्हणजे वस्त्या विखुरलेल्या, मध्ये मैलोन्‌मैल झुडपं आणि वाळूचा रस्ता. एड्सची साथ आली तेव्हा दवाखान्यांतल्या खाटा पुरेनात. 1987 मध्ये तिथल्या दक्षिण भागातल्या चिकनकाटा इथल्या साल्वेशन आर्मीच्या हॉस्पिटलने रुग्णाला घरीच सांभाळायची पद्धत सुरू केली. सुरुवातीला हॉस्पिटलचं पथक गाडी घेऊन वस्त्यांवर जायचं. रुग्ण वाढले तशी गाडी आणि डिझेल परवडेनासं झालं आणि काम गावातल्या स्वयंसेवकांवर आलं. बहुतेक बायका, बहुतेक चर्चशी जोडलेल्या आणि बिनपगारी. रुग्णाला आंघोळ घालायची, भरवायचं, कपडे धुवायचे, त्याच्यामागे राहिलेल्या पोरांकडे बघायचं. 2000 च्या आसपास देशातल्या प्रौढांपैकी 16 टक्क्यांच्या जवळपास लोकांना लागण होती. ही संख्या नुसती वाचून पुढे जाऊ नका. आपल्या गल्लीतली घरं डोळ्यांसमोर आणून मोजा.

एचआयव्हीची औषधं तिथे फुकट मिळू लागली तीही याच दशकात. औषध आल्यावर सेविकेचं काम कमी झालं नाही, बदललं. गोळी रोज, वेळेवर घेतली पाहिजे, मध्ये खंड पडला तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून कुणीतरी घरी जाऊन डबी बघायला हवी. एक घर इथे, दुसरं पाच-सहा किलोमीटरवर. पायी दिवसाला किती घरं होणार?

त्याच सुमारास, 2004 च्या डिसेंबरातल्या त्सुनामीनंतर, एफ. के. डे हे अमेरिकन उद्योजक आणि त्यांच्या पत्नी लिया यांनी श्रीलंकेत 'वर्ल्ड व्हिजन'बरोबर 24 हजारांवर सायकली दिल्या. डे हे शिकागोच्या 'स्रॅम' या सायकलींचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी, म्हणजे माणूस सायकलीतला. 2005 मध्ये त्यांची 'वर्ल्ड बायसिकल रिलीफ' ही संस्था झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांना झांबियातून बोलावणं आलं. अमेरिकी सरकारच्या पैशातून 'रॅपिड्स' नावाचा मोठा प्रकल्प तिथे चालू होता आणि त्याला घरोघर जाणाऱ्या सेविकांसाठी सायकली हव्या होत्या. आकडा होता 23 हजारांच्या घरात.

इथे सोपा रस्ता असा होता की बाजारात मिळते ती स्वस्त सायकल घाऊक घ्यायची, वाटायची, फोटो काढायचा. तिथल्या बाजारातल्या सायकली दिसायला ठीक होत्या. पण मागे धान्याचं पोतं नाहीतर माणूस बसवला आणि वाळूतून काढली की पायडल तुटायचं, चाक आऊट व्हायचं, आरे निघायचे. डे यांच्या लोकांनी मग त्या रस्त्याला झेपेल अशी सायकलच बनवायला घेतली. तिचं नाव 'बफेलो', म्हणजे म्हैस. नाव अगदी बरोबर आहे. वजन बावीस-तेवीस किलो, गिअर नाहीत, मागचं कॅरिअर शंभर किलो पेलणारं, आरे जाड, टायर सहज पंक्चर न होणारे. ब्रेकला वायर नाही, पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो, कारण वायर तुटते आणि खेड्यात मिळत नाही. आपल्याकडे दूधवाल्याची काळी सायकल असायची, तिची ही आफ्रिकन मावसबहीण समजा. शहरातल्या शौकीन सायकलस्वाराला दाखवली तर हसेल.

दुसरी गोष्ट मला सायकलीहून मोलाची वाटते. त्यांनी गावोगावच्या पोरांना मेकॅनिक म्हणून शिकवलं, हत्यारांचा संच दिला आणि सुटे पार्ट मिळण्याची सोय लावली. पुढे याच सायकली त्यांनी विकायलाही सुरुवात केली. शेतकरी, दूधवाले, इतर संस्था विकत घेऊ लागल्या. दान घेणारे थोडे आणि पैसे मोजून घेणारे पुष्कळ असले की पार्ट ठेवणं दुकानदाराला परवडतं, हा साधा हिशोब. आज दान आणि विक्री मिळून या सायकलींचा आकडा आठ लाखांवर गेलाय.

दानाच्या दुसऱ्याही तऱ्हा होत्या. युरोप-अमेरिकेत वापरून टाकलेल्या सायकली कंटेनर भरून पाठवायच्या, ही एक. चांगला हेतू, पण शंभर सायकली म्हणजे शंभर तऱ्हा, एकीचा पार्ट दुसरीला बसत नाही. नामिबियात एका संस्थेने यावर चांगली शक्कल काढली. सायकली घेऊन आलेला कंटेनर परत न पाठवता तिथेच ठेवायचा, त्याचंच दुरुस्तीचं दुकान करायचं आणि ते गावातल्या माणसांनी चालवायचं.

आणि एक गोष्ट फसल्याची. दक्षिण मलावीत न्सांजे जिल्ह्यात 1990 च्या दशकाच्या शेवटी सायकल-रुग्णवाहिका दिल्या गेल्या. सायकलीमागे चाकांची खाट, अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला. कागदावर याहून चांगली योजना सुचणार नाही. पण अभ्यास झाला तेव्हा दिसलं की दवाखान्यातली बाळंतपणं वाढली तर नाहीतच, उलट कमी झाली. कारण काय, तर कळा सुरू झाल्याचं चारचौघांना कळू द्यायचं नाही अशी तिथली रीत, आणि ही गाडी वस्तीतून निघाली की सगळ्या गावाला कळणार. बायकांनी घरीच राहणं पसंत केलं. योजना आखताना आधी चार बाळंतिणींना विचारलं असतं तर? असो. आपल्याकडेही योजना कुणाला विचारून येतात ते आपण जाणतोच.

आता मुद्द्याचं. झांबियातल्या त्या हजारो बायकांना पगार नव्हता. सायकल हीच त्यांची कमाई होती म्हटलं तरी चालेल. ठरलेला काळ काम करा, मग सायकल तुमची, असा करार असायचा. सायकलीवरून मका गिरणीत नेता येतो, पाणी आणता येतं, बाजार गाठता येतो, म्हणजे घरालाही उपयोग. मला या कराराचं कौतुकही वाटतं आणि तो खटकतोही. सायकल हे कामाचं साधन. साधनालाच मोबदला म्हणायचं, तर मग मजुराला दिलेलं फावडं ही त्याची मजुरी झाली.

झांबिया सरकारलाही हे कळलं असावं. 2010 मध्ये त्यांनी नवं धोरण आणलं. गावातलीच माणसं निवडून, वर्षभर शिकवून, सरकारी पगारावर घ्यायची. भरतीच्या वेळी अर्थशास्त्रज्ञांनी एक तुलना केली. काही जिल्ह्यांत जाहिरातीचा भर गावाच्या सेवेवर, तर काही जिल्ह्यांत नोकरीतल्या बढतीवर. कुणालाही वाटेल की बढतीच्या आशेने आलेली माणसं कामचुकार निघतील. झालं उलटं. त्यांनी 29 टक्के जास्त गृहभेटी दिल्या आणि त्यांच्या भागात कमी वजनाच्या बालकांचं प्रमाणही घटलं. सेवाभावी माणूस पैसे मागत नाही, ही जी आपली लाडकी समजूत आहे, तिला हा निकाल चांगलाच महागात पडतो.

आपल्याकडे आशा योजना 2005 मध्ये आली. देशभरात दहा लाखांच्या आसपास आशा, आणि कागदोपत्री त्या आजही 'स्वयंसेविका'. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा सन्मान केला. 2024 च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशाताई मानधनवाढीसाठी थंडी-उन्हात आझाद मैदानावर बसल्या होत्या. ओडिशाने आपल्या आशांना सायकली दिल्या होत्या, चांगलं केलं. आपल्याकडेही कधी स्मार्टफोन, कधी साडी, कधी छत्री अशी वाटपं होत असतात. माझा वाटपाला विरोध नाही. डोंगरपट्ट्यातल्या ताईला सायकल काय, स्कूटी दिली तरी कमीच आहे. पण पुढच्या वेळी वाटपाच्या कार्यक्रमाचं निमंत्रण आलं तर पत्रकार म्हणून मी दोन गोष्टी विचारणार आहे. टायर-ट्यूबचे पैसे कोणत्या हेडखाली टाकलेत? आणि मागच्या तीन महिन्यांचं मानधन जमा झालं का?

तुमच्या तालुक्यात आशाताईंना किंवा आरोग्यसेविकांना कधी सायकली मिळाल्या असतील, तर त्यातल्या आज किती चालतात आणि दुरुस्ती कुणाच्या पैशाने होते, एवढं मला जरूर लिहून कळवा. नाव छापणार नाही.