तीन बत्तीचे घर आणि सोलापूरच्या शशिकला

व्ही. शांताराम यांचा ‘तीन बत्ती चार रास्ता’ हा राजकमल कलामंदिरचा १९५३ सालचा चित्रपट. त्याच्या अभ्यासात पहिला कागद म्हणजे खुद्द चित्रपटच. एका छपराखाली आईवडील आणि सहा मुलगे; त्यांतल्या पाचांच्या बायका वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या, प्रत्येकीची भाषा निराळी. सहावा मुलगा रेडिओवरच्या एका आवाजावर भुलतो आणि तो आवाज निघतो घरात राबणाऱ्या एका सावळ्या मुलीचा. ही भूमिका संध्या यांची.

भाषावार प्रांतरचनेच्या आयोगामुळे शांतारामांना ही कल्पना सुचली, असे म्हणण्याचा मोह होतो. तारखा त्याच्या आड येतात. फाजल अली आयोग नेमला गेला १९५३च्या डिसेंबरात. तोवर चित्रपटाचे लेखन आणि चित्रण कधीच उरकले असणार. धार आयोग १९४८चा, नेहरू-पटेल-पट्टाभी समितीचा अहवाल १९४९चा आणि आंध्रासाठी उपोषण करणाऱ्या पोट्टी श्रीरामुलूंचा मृत्यू डिसेंबर १९५२चा. तेव्हा प्रश्न आधीपासूनच पेटलेला होता. शांतारामांनी तो स्वयंपाकघरात आणला, इतके निश्चित म्हणता येते.

या चित्रपटात शशिकला आहेत. जन्म सोलापूरचा, १९३२चा, माहेरचे आडनाव जवळकर. वडिलांनी धाकट्या भावाच्या विलायतेतल्या शिक्षणावर पैसा घातला, घर कर्जात बुडाले आणि कुटुंब मुंबईला आले, ही हकीकत खुद्द त्यांच्याच आठवणींतली. ‘झीनत’मधील (१९४५) कव्वालीसाठी पंचवीस रुपये मिळाले, हेही त्यांनीच सांगितलेले. रकमेला आधार आठवणीचा, पण कव्वालीत त्या आहेत याला आधार पडद्याचा. दोन्हींचे वजन सारखे धरू नये. नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी यांच्या आवाजांमुळे ती कव्वाली गाजली.

सोलापुरात जन्मलेल्या मुलीने असल्या घराच्या कथेत असावे, याचे मला अप्रूप वाटते. ज्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच पेठेत कानी पडतात, जिथे पद्मशाली विणकरांच्या मागांवर तेलुगूच चालते, तिथे पाच सुनांचे घर हे काही नवल नव्हे. १९५६च्या पुनर्रचनेत विजापूर, धारवाड म्हैसूरकडे गेले, सोलापूर मुंबई राज्यात राहिले. तरी महाजन आयोगाने १९६७मध्ये म्हैसूरची अक्कलकोटवरची मागणी मान्य करून हा वाद पुन्हा दारात आणला. राजकमलचा सोलापूरशी आणखी एक धागा आहे : ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६). द्वारकानाथ कोटनीस १९१०मध्ये याच शहरात जन्मले.

एक गोष्ट मात्र खटकते. भाषांचा भेद मिटवू पाहणाऱ्या या चित्रपटाने सावळेपण दाखवायला संध्या यांच्या चेहऱ्यावर काळा रंग फासला. जुन्या काळाचे म्हणून ते सोडून देण्याजोगे नाही.

शशिकला पुढे ‘आरती’ आणि ‘गुमराह’साठी फिल्मफेअर पुरस्काराच्या मानकरी झाल्या आणि खलनायिका म्हणून लोकांच्या मनात राहिल्या. हृषीकेश मुखर्जींच्या ‘खूबसूरत’मध्ये (१९८०) त्या पुन्हा एका भरल्या घरात आल्या, थोरल्या सुनेच्या रूपात.